कमर बसली, आसन चुकलं

हाय-राइज जीन्स अंगाला लावून पाहिलेली बाई ट्रायल रूममधून बाहेर येते ती बहुतेक वेळा स्वतःच्या शरीराबद्दल काहीतरी ठरवूनच. पोट सुटलंय, मांड्या जाड आहेत, हा कपडा आपल्यासाठी नाही. हा निवाडा अन्यायाचा आहे, कारण तिच्या हातात दिलेली माहितीच अपुरी असते. लेबलवरचा २८, ३० किंवा ३२ हा आकडा कमरेच्या घेराबद्दल बोलतो, आणि तोही ढोबळपणे; एका कंपनीची ३० दुसरीच्या ३१ एवढी भरणं ही रोजची गोष्ट आहे. हाय-राइज जीन्स नीट बसणार की नाही हे ज्यावर ठरतं ते माप वेगळं आहे. शिंपी त्याला आसन म्हणतात: दोन्ही पायांच्या शिवणी जिथे एकत्र येतात तिथपासून बेल्टच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. लेबलवर ते लिहिलेलं नसतं.

पुढचं आसन दहा इंच किंवा त्याहून जास्त असेल तर दुकानदार जीन्सला हाय-राइज म्हणतात, आठ ते दहा असेल तर मिड-राइज आणि त्याखाली लो-राइज. ही वर्गवारी कपड्याची झाली. पाच फूट दोन इंच उंचीच्या दोन बायका घ्या. एकीचं धड लांब आणि पाय आखूड, दुसरीचं उलट. दहा इंचांचं तेच आसन पहिलीच्या बेंबीखाली थांबेल आणि दुसरीच्या बरगड्यांकडे सरकू लागेल. दोघींच्या कमरेचा घेर तंतोतंत सारखा असला तरी दोघींसाठी ही जीन्स एकच नाही. मागचं आसन तर याहून दुर्लक्षित. नितंबांच्या गोलाईवरून जायचं असल्यामुळे ते पुढच्यापेक्षा काही इंच जास्त लागतं, आणि बसताना त्याची गरज आणखी वाढते. ते कमी पडलं की बेल्ट मागून खाली ओढला जातो आणि पुढून पोटात रुततो. आरशासमोर ताठ उभं राहिल्यावर यातलं काहीच दिसत नाही. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून बसायचं असतं, स्कूटी चालवायची असते, लोकलच्या चढउतारात गुडघा उचलायचा असतो. म्हणून ट्रायल रूममध्ये उकिडवं बसून आणि पाय वर उचलून पाहणं ही चाचणी आरशापेक्षा कितीतरी खरी.

दुसरी अडचण कमर आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, यांच्यातल्या फरकाची. लो-राइज जीन्स कंबरेच्या हाडांवर टेकते, तिथे हा फरक कमी असतो. हाय-राइजला आधी सीटच्या सर्वांत रुंद भागावरून वर यायचं असतं आणि मग थेट सर्वांत अरुंद जागी पकड घ्यायची असते. ब्लाउजला टक घालून हा उतार साधता येतो. जीन्सला मात्र टक नसतात, आणि डेनिम हे जाड, घट्ट विणीचं कापड. त्यामुळे सगळा आकार दोनतीन ठिकाणांहूनच आणावा लागतो: पाठीमागे बेल्टखाली जोडलेला उतरता तुकडा, ज्याला कारागीर योक म्हणतात, मागच्या मधल्या शिवणीचा बाक, आणि खुद्द बेल्ट. हा बेल्ट सरळ पट्टीचा असेल तर वरची आणि खालची कड सारख्याच लांबीची राहते, शरीर मात्र वर निमुळतं होत जातं. मागे हात जाईल एवढी फट पडते ती यामुळे. वक्र कापलेला बेल्ट अंगासरशी बसतो, पण त्याला कापड जास्त लागतं आणि शिवणकामही. स्वस्त जीन्समध्ये तो क्वचित दिसतो, आणि तो नसणं हा घालणारीच्या कमरेचा दोष म्हणता येत नाही.

मुळात ही मापं आली कुठून? बायकांसाठी म्हणून जीन्स पहिल्यांदा आणली ती लिव्हायसने, १९३४ मध्ये. तयार कपड्यांच्या मापांना शास्त्रीय आधार मिळावा म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९४१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. काम मोठं होतं, पण गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं अंतिम हिशेबात धरलीच नाहीत. त्यावरून १९५८ मध्ये सरकारी प्रमाण ठरलं, आणि १९८३ मध्ये तेही मागे घेतलं गेलं. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचं माप तिचं स्वतःचं. एक नमुना एका मॉडेलच्या अंगावर बसवायचा आणि ठरावीक गणिताने लहान-मोठा करत न्यायचा, ही पद्धत. कमर वाढते तशी आसनाची गरजही त्याच प्रमाणात वाढेल असं हे गणित गृहीत धरतं. खरी शरीरं ते मानत नाहीत. भारतीय शरीरांचं स्वतंत्र प्रमाण असावं म्हणून ‘निफ्ट’ या फॅशन संस्थेने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातल्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, अशी त्याची आखणी. हे काम फार आधी व्हायला हवं होतं. पण असं प्रमाण आलं तरी लेबलवर एकच आकडा राहिला तर ग्राहकाच्या हाती फारसं काही लागणार नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं की स्ट्रेचने हा प्रश्न सोडवला. अर्धाच सोडवला. बहुतेक स्ट्रेच डेनिममध्ये इलॅस्टेनचा धागा बाण्यात असतो, ताण्यात नाही. त्यामुळे कापड आडवं ताणतं, उभं नाही. घेरात एखादा इंच कमी असेल तर स्ट्रेच सांभाळून घेईल. आसनात इंच कमी असेल तर तो कुठूनच येणार नाही. शिवाय ताणलेला बेल्ट संध्याकाळपर्यंत सैल पडतो आणि जीन्स वर ओढत राहावी लागते.

उत्पादकांचं म्हणणं जास्त गंभीरपणे घ्यायला हवं. प्रत्येक कमरेमागे तीन आसनं आणि दोन प्रकारच्या सीट ठेवल्या तर दुकानातले खण फुटतील, न खपलेला माल पडून राहील, आणि उल्हासनगरातल्या छोट्या कारखानदाराला तर हे झेपणारच नाही. मान्य. पण इथे मागणी जास्त साइझची नाहीच. आहे त्या जीन्सचं पुढचं आसन, मागचं आसन आणि सीटचा घेर, हे तीन आकडे छापायचे आहेत. ते कारखान्याकडे असतातच. त्याशिवाय कटिंग होत नाही. पुरुषांच्या जीन्सवर कमर आणि पायाची लांबी असे दोन आकडे वर्षानुवर्षं छापले जातात आणि त्याने कोणाचा धंदा बसलेला नाही. धुलाईत कापड आटतं, कापताना थरांमध्ये थोडा फरक पडतो, म्हणून आकडा पाव-अर्ध्या इंचाने चुकेल, अशीही अडचण सांगितली जाते. ती खरी आहे. एकाच साइझच्या दोन जीन्स घालून पाहाव्यात त्या याच कारणाने. तरीही अर्ध्या इंचाने चुकणारी माहिती अजिबात नसलेल्या माहितीपेक्षा बरी.

तोवर मोजपट्टी आपल्याच हातात घ्यावी लागेल. घरातली जी पँट बसता-उठता त्रास देत नाही ती सपाट पसरून तिची दोन्ही आसनं मोजावीत, सीटचा घेर मोजावा आणि ते आकडे फोनमध्ये ठेवावेत. ऑनलाइन घेताना तक्ता नीट वाचावा: काही तक्ते शरीराची मापं देतात, काही कपड्याची, आणि दोन्हींत इंचा-दोन इंचांचा फरक असू शकतो. दुकानात निवड आसनावरून आणि सीटवरून करावी, कमर सर्वांत शेवटी पाहावी. कमर सैल निघाली तर आल्टरेशनवाला मागचा बेल्ट उसवून, मधल्या शिवणीत कापड दाबून ती आत घेऊ शकतो. इंच-दीड इंचापर्यंत काम स्वच्छ होतं, त्यापुढे मागचे खिसे एकमेकांजवळ सरकल्याचं दिसू लागतं. आसन वाढवून द्या असं मात्र त्याला सांगता येणार नाही. जीन्सच्या शिवणी कडा आत दुमडून दुहेरी टिपेने बंद केलेल्या असतात, आणि उसवून बाहेर काढायला तिथे माया जवळजवळ ठेवलेलीच नसते.