फलकाची छपाई : यंत्राची निवड आणि यंत्राचे दुखणे

नव्या गावात पाऊल टाकणाऱ्याला त्या गावाची पहिली ओळख बाजारपेठेतील पाट्या करून देतात. एके काळी ह्या पाट्या पेंटर मंडळी हाताने रंगवीत. दोरीला खडू लावून रेघ मारावयाची आणि तिच्यावर अक्षर बसवावयाचे, अशी ती कला होती. आज बेळगावात काय, मडगावात काय किंवा इंदुरात काय, ह्या कामाचा मोठा वाटा रुंद छपाईयंत्राकडे गेला आहे. पेंटरचा ब्रश खराब झाला तर तो दुसरा आणी. पण बँकेचे कर्ज काढून घेतलेले यंत्र चुकीचे निघाले किंवा ऐन लग्नसराईत अडून बसले, तर कर्जाचा हप्ता थकतो आणि घराची चूल अडते. म्हणून असे यंत्र घेताना काय पाहावे आणि ते बिघडल्यास दोष कोठे शोधावा, हे दोन प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

प्रथम यंत्राचे कार्य समजून घेऊ. कापडाच्या किंवा व्हिनाइलच्या गुंडाळीवरून एक हेड उजवीकडून डावीकडे धावते आणि त्याच्या शेकडो बारीक छिद्रांतून शाईचे थेंब सोडते. ह्या छिद्रांना नोझल म्हणतात. थेंब बाहेर ढकलण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिलीत शाई क्षणभर तापवून तिचा बुडबुडा करतात आणि तो बुडबुडा थेंबाला बाहेर लोटतो. दुसरी पिएझो पद्धती. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज उत्पन्न होते, असे झाक आणि पिएर ह्या क्यूरी बंधूंनी 1880 साली दाखवून दिले. उलटपक्षी वीज दिली की तशा पदार्थाचा आकार किंचित बदलतो, आणि त्या हालचालीने शाई बाहेर पडते. सूक्ष्म कामाच्या हेडमधील थेंब चार पिकोलिटरच्या आसपास, तर मोठ्या फ्लेक्सयंत्रातील तीस पिकोलिटरपर्यंत किंवा त्याहूनही मोठा असतो. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख-कोटीवा भाग.

आता निवडीकडे वळू. दुकानदाराचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणत्या कंपनीचे यंत्र चांगले?’ असा असतो. तो पहिला नसावा. फलक कोठे टांगला जाणार आणि तो किती अंतरावरून वाचला जाणार, हा खरा पहिला प्रश्न होय. मनुष्याच्या निरोगी डोळ्याला सुमारे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. हातात धरलेल्या कागदावर, म्हणजे 30 सेंटिमीटरवर, हा तपशील मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान भरतो; परंतु 10 मीटरवर तो जवळजवळ 3 मिलिमीटरचा होतो. म्हणजेच हमरस्त्यावरच्या मोठ्या फलकासाठी बारीक थेंबाचे मंद आणि महाग यंत्र घेणे हे नाकापेक्षा मोती जड करण्यासारखे आहे. उलट औषधाच्या दुकानातील काचेवरची पट्टी मोठ्या थेंबाच्या यंत्रावर छापली, तर तिचे दाणे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपतील.

दुसरा प्रश्न शाईचा. सॉल्व्हंट शाई प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात किंचित शिरून बसते. ती स्वस्त असते आणि ऊनपावसात टिकते. तिचा वास मात्र उग्र, आणि बंद खोलीत दिवसभर ती हुंगणाऱ्या कामगाराच्या प्रकृतीला अपायकारक. ज्याच्यापाशी हवा बाहेर फेकणारा पंखा बसविण्याजोगी जागा नाही, त्याने ह्या वाटेला जाऊ नये. इको-सॉल्व्हंट शाई त्याहून सौम्य असते. व्हिनाइलच्या स्टिकरांना ती फार सोयीची. पण तिलाही खेळती हवा लागते, आणि लॅमिनेशन करण्यापूर्वी छपाई निदान एक दिवस मोकळी वाळू द्यावी लागते. 2008 साली बाजारात आलेली लॅटेक्स शाई पाण्यावर आधारलेली असून उष्णतेने यंत्रातच सुकते. तिच्यावर लॅमिनेशन लगेच करता येते आणि झिजलेले हेड दुकानदाराला स्वतः बदलता येते. मात्र तापकांमुळे विजेचे बिल वाढते. चौथी यूव्ही शाई अतिनील किरणांनी तत्काळ घट्ट होते. ॲक्रिलिक, काच, लाकूड अशा ताठ वस्तूंवर ती शोभते. पण तिचा थर कठीण असल्याने मोटारीच्या वळणावर ताणलेल्या व्हिनाइलवर तो तडकण्याचा संभव असतो.

ह्यानंतर पैशाचा हिशेब. यंत्राची किंमत एकदाच द्यावयाची असते. शाई, सुटे भाग आणि मेकॅनिक ह्यांचा खर्च मात्र जन्माचा. मेकॅनिक किती दूरच्या शहरातून येतो आणि हेड बदलण्यास काय पडते, हे सौदा होण्यापूर्वीच विचारावे. विक्रेत्याने तयार ठेवलेले सुंदर नमुने पाहून भुलू नये. आपलीच फाइल आणि आपलाच माल घेऊन जावे, आणि समोर उभे राहून छापून घ्यावे. कायद्याकडेही लक्ष हवे : 100 मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनरांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे.

यंत्र आले, आणि एके दिवशी छपाईत पट्टे उमटू लागले. अशा वेळी ‘हेड गेले’ असे म्हणून हजारो रुपयांचा भाग मागविणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. वैद्य जशी आधी नाडी पाहतो, तशी येथे आधी नोझलची चाचणी छापावी. तीत रेघा तुटलेल्या असतील तर दोष शाईच्या वाटेवर आहे. मग हेडची सफाई करावी. सफाईनंतर रेघा येतात आणि थोड्या वेळाने पुन्हा जातात, असे झाल्यास नळीत शिरलेली हवा, डॅम्पर किंवा नीट न बसणारी कॅप ह्यांचा संशय घ्यावा. चाचणी निर्दोष असूनही पट्टे येत असतील, तर माल पुढे सरकण्याचे माप चुकले आहे. तो जास्त सरकला तर पांढरी फट राहते; कमी सरकला तर दोन फेऱ्या एकमेकींवर चढून गडद रेघ उमटते. अक्षरे दुहेरी दिसत असतील तर जाण्यायेण्याच्या फेऱ्यांचा मेळ बिघडलेला असतो, किंवा हेडला आपले स्थान सांगणाऱ्या एन्कोडर पट्टीवर धूळ बसलेली असते. ह्या शेवटच्या दोषावरचा उपाय पट्टी हळुवार पुसणे एवढाच. दर वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा चाचणी घ्यावी. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याला दोष कशाने गेला हे कधीच कळत नाही.

हवामानाचेही काही दोष असतात. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात मालावर स्थिर वीज साठते, थेंब भरकटतात आणि अक्षराभोवती धुके दिसते. तेथे यंत्राचे अर्थिंग तपासावे आणि खोलीत थोडा ओलावा राखावा. गोव्याच्या पावसाळ्यात कागद दमट हवा पिऊन फुगतो, कडेला उचलतो आणि धावत्या हेडला घासतो. म्हणून माल वेष्टणात ठेवावा. वीज अचानक गेली तर हेड कॅपबाहेरच राहून सुकते. त्यासाठी यूपीएस अवश्य असावा.

मराठी फलकांचे आणखी एक दुखणे आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की जोडाक्षरे फुटतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. फाइल पाठविण्यापूर्वी अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करावे आणि छपाईपूर्वी मजकूर एकदा मोठ्याने वाचावा. दुकानाच्या दारावर वर्षानुवर्षे झळकणारी अशुद्ध पाटी कोणत्याही सफाईने धुतली जात नाही.

सकाळी नोझलची चाचणी आणि संध्याकाळी कॅप व वायपर ह्यांची सफाई, एवढी पंधरा मिनिटांची शिस्त पाळली तर बहुतेक बिघाड दारातूनच परत जातात. पेंटर काम संपल्यावर ब्रश धुऊन ठेवी, तो उगाच नव्हे. हत्यार बदलले असले, तरी त्याची निगा राखण्याचा धर्म तोच आहे.