स्पॉट रंगांचे चार रंगांत रूपांतर

ऑफसेट छपाईत रंग दोन रीतींनी कागदावर उमटतो. प्रोसेस पद्धतीत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाया (सीएमवायके) बारीक ठिपक्यांच्या जाळीतून छापल्या जातात आणि त्यांच्या मिश्रणातून बाकीच्या छटा दिसतात. स्पॉट पद्धतीत आधीच मिसळून तयार केलेली एकच शाई स्वतंत्र प्लेटवरून छापतात. १९६३ साली लॉरेन्स हर्बर्ट यांच्या पँटोन मॅचिंग सिस्टीमने अशा शायांना क्रमांक दिले. त्यामुळे दूरच्या दोन छापखान्यांतही तोच रंग काढता येऊ लागला.

बोधचिन्हे बहुधा स्पॉट रंगात आखलेली असतात. अशी अनेक चिन्हे एका माहितीपुस्तकात आली की प्रत्येक शाईमागे एक प्लेट वाढते आणि खर्चही. म्हणून छपाईआधी ती चार रंगांत आणावी लागतात.

अ‍ॅडोबी इलस्ट्रेटरच्या स्वॉच पॅनेलमध्ये स्पॉट रंगाच्या चौकटीच्या कोपऱ्यात ठिपका असतो. स्वॉचचा प्रकार 'स्पॉट'ऐवजी 'प्रोसेस' केला की त्याला जोडलेल्या सर्व आकृत्यांत बदल पोहोचतो. म्हणून एकेक आकृती निवडून बदलण्यापेक्षा स्वॉचवरच काम करणे खात्रीचे. फाइली शेकड्यांनी असतील तर हेच काम स्क्रिप्टकडे सोपवतात. ती प्रत्येक फाइल उघडते, स्पॉट रंगांची यादी चाळते, प्रकार बदलते आणि प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. मूळ फाइल शाबूत राहिलीच पाहिजे, कारण गेलेला स्पॉट रंग टक्केवारीवरून परत ओळखता येत नाही.

खरी कसोटी टक्केवारीची. इलस्ट्रेटरच्या सीएस६ आवृत्तीपासून पँटोन प्लसचे रंग लॅब (यंत्रनिरपेक्ष रंगमापन) मूल्यांत दिले जाऊ लागल्याने चार शायांचे प्रमाण फाइलच्या रंग-प्रोफाइलवर ठरते. जुन्या फाइलींत ते थेट सीएमवायके मूल्यांत असे. त्यामुळे एकाच क्रमांकाची शाई दोन फाइलींत दोन वेगळ्या प्रमाणांत उतरू शकते. यावर उपाय एकच: प्रत्येक शाईसाठी टक्केवारीचा तक्ता आधी ठरवावा आणि स्क्रिप्टने तीच मूल्ये भरावीत. तक्ता ठरवताना पँटोनची कलर ब्रिज पुस्तिका उपयोगी पडते. तिच्यात स्पॉट रंग आणि त्याचे जवळचे चाररंगी रूप शेजारी शेजारी छापलेले असते. रिफ्लेक्स ब्लू किंवा ऑरेंज ०२१ यांसारख्या झळाळत्या रंगांचे तेज चार शायांत पूर्ण उतरत नाही, हे ग्राहकाला आधीच दाखवावे.

सगळेच स्पॉट रंग बदलायचे नसतात. कटिंगची रेघ, वॉर्निश, पांढरी शाई, फॉइल यांचे स्वॉच यंत्राला दिलेल्या सूचना असतात. रोलँडच्या यंत्रांना 'कटकंटूर' या नावाच्या स्पॉट रंगावरूनच कापायची रेघ कळते. तो प्रोसेस झाला की रेघ कापली न जाता छापली जाते. अशा नावांची आणि 'रजिस्ट्रेशन' स्वॉचची वगळयादी स्क्रिप्टमध्ये हवी.

ओव्हरप्रिंट आणि पारदर्शकता असलेल्या जागा नजरेने तपासाव्या लागतात, कारण वेगळी प्लेट गेल्यावर एकावर एक येणाऱ्या रंगांचे मिश्रण बदलते. नुसत्या लिंक केलेल्या ईपीएस वा पीडीएफ चित्रांतले स्पॉट रंग बाहेरच्या स्वॉचमुळे बदलत नाहीत. त्या फाइली स्वतंत्रपणे हाताळाव्या लागतात. शेवटी सेपरेशन प्रिव्ह्यू उघडून प्लेटांची नावे वाचावीत. चार शाया आणि मुद्दाम राखलेली नावे एवढीच दिसली, तर फाइल प्लेटसाठी पाठवता येते.