चिकूच्या वाडीतील गवतासाठी टिकाऊ यंत्र कसे निवडावे?

डहाणू, घोलवड, बोर्डी आणि तलासरी परिसरात जुलैमध्ये दोन कामे एकाच वेळी येतात. मजूर भाताच्या लावणीला जातात आणि त्याच दिवसांत चिकूच्या वाडीतील गवत गुडघ्यापर्यंत वाढते. त्यामुळे गवत कापणीच्या यंत्रांना मागणी वाढली आहे. घराभोवती मोठी वाडी असलेले काही बागायतदार बसून चालवायच्या लॉन मोअरचाही विचार करतात. मात्र जाहिरात पाहून घेतलेले यंत्र आपल्या जमिनीवर चालले नाही, तर मोठी रक्कम अडकून पडते. म्हणून आधी वाडी पाहावी, मग यंत्र ठरवावे.

गवत वेळेवर कापणे का महत्त्वाचे?

पावसाळ्यात चिकूची फळगळ होते. गळलेली व किडकी फळे वेचून नष्ट करणे हा बी पोखरणाऱ्या अळीच्या नियंत्रणाचा मुख्य भाग आहे. उंच गवतात ही फळे दिसत नाहीत. गवत वीतभर असतानाच कापावे. कापणीआधी फळे वेचून घ्यावीत. वारंवार रोटाव्हेटर फिरवल्यास वरच्या थरातील अन्नमुळे तुटतात, उतारावरची माती वाहून जाते. त्यामुळे गवत उपटण्यापेक्षा कापणे चांगले. कापलेले गवत वाळवून आच्छादन म्हणून वापरावे, पण ते खोडाला चिकटू देऊ नये.

कोणते यंत्र कुठे चालते?

• ब्रश कटर : लहान वाडी, चढ-उतार, दगड आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या असतील तर हेच सोयीचे. ओलसर, कोवळ्या गवताला नायलॉन दोरी व जाड गवताला पाते वापरावे.

• बसून चालवायचा मोअर : हा सपाट हिरवळीसाठी बनवलेला असतो. घरापुढील अंगण, कृषी पर्यटन केंद्राची हिरवळ यांसाठी योग्य. चिखलात त्याची चाके घसरतात, दगड लागून पाते वाकते. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर, म्हणजे १०० फुटांत सुमारे २७ फुटांपेक्षा जास्त चढ असेल तिथे, तो चालवू नये असे सांगितलेले असते. जुन्या बागेत खाली झुकलेल्या फांद्या चालकाला लागतात.

• मिनी ट्रॅक्टरचा स्लॅशर : मोठी बाग, मोकळ्या ओळी आणि ट्रॅक्टर आधीच असेल तर परवडतो. वाफसा नसताना चालवू नये, माती दाबली जाते.

खोड जपा

१० बाय १० मीटर लागवडीत एकरी सुमारे ४० झाडे बसतात. प्रत्येक खोडाभोवती १ मीटर त्रिज्येचे आळे सोडले, तर एकरात जेमतेम सव्वा गुंठा क्षेत्र होते. एवढे गवत विळ्यानेच काढावे. नायलॉन दोरीने खोडाची साल सोलली जाते. खिरणीवर बांधलेल्या नवीन कलमाला तर ही इजा जिवावर बेतते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

१. प्रात्यक्षिक उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात, आपल्याच वाडीत घ्यावे. १० गुंठे कापून लागलेला वेळ व पेट्रोल लिहून ठेवावे.
२. मोअरची पात्यावरची टोपी जाड पोलादी पत्र्याची असावी. पुढची धुरी आणि पात्याचा दांडा मजबूत असावा.
३. पाते, पट्टा, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर हे भाग डहाणू, तलासरी किंवा वापीत मिळतात का, हे दुकानात जाऊन विचारावे. ऐन पावसाळ्यात सुटा भाग मिळाला नाही, तर यंत्र पडून राहते.
४. अनुदान हवे असल्यास महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये. यंत्राच्या निवडीसाठी कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी.

यंत्र टिकवायचे कसे?

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. १:५० असेल तर लिटरला २० मिलि, १:४० असेल तर २५ मिलि. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळे असते, त्याची पातळी रोज पाहावी. काम संपल्यावर टोपीखाली चिकटलेले ओले गवत खरवडून काढावे, कारण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल महिनोन्‌महिने राहिले, तर कार्ब्युरेटर तुंबतो.

सुरक्षितता

गमबूट, चष्मा आणि जाड पँट वापरावी. गवतात साप असतो. कापणीआधी काठीने गवत हलवावे. दगड, तार, ठिबकच्या नळ्या बाजूला कराव्यात. मुले व जनावरे किमान ५० फूट दूर ठेवावीत. पाते साफ करताना इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढावी.

थोडक्यात, एक-दोन एकरांच्या उताराच्या वाडीला चांगला ब्रश कटर पुरतो. सपाट अंगण मोठे असेल तरच बसून चालवायच्या मोअरचा विचार करावा. मोठ्या बागेसाठी दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून स्लॅशर घेतल्यास खर्च विभागला जातो.