स्मृतिवर्धनात निद्रेचे स्थान

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की जळगाव-धुळे परिसरातील पालक आम्हां वैद्यांकडे ब्राह्मी किंवा शंखपुष्पीचे सिरप मागू लागतात. पाल्य किती वाजता झोपतो, हे मात्र आपल्यालाच विचारावे लागते. औषध लिहिण्यापूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे आमचे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

चरकाचार्यांनी आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ सांगितले असून ज्ञान व अज्ञान ही दोन्ही निद्रेच्या अधीन मानली आहेत. रात्रिजागरण रूक्ष असल्याने वातप्रकोप होतो. अशा अवस्थेत मेध्य द्रव्यांकडून कितीशी अपेक्षा ठेवावी?

आधुनिक संशोधनही याच दिशेने जाते. २००७ साली जर्मनीतील संशोधकांनी स्वयंसेवकांना गुलाबाच्या सुगंधात पत्त्यांच्या जोड्यांची स्थाने पाठ करावयास दिली व गाढ निद्रेत तोच सुगंध पुन्हा दिला. सकाळी त्यांना सुमारे ९७ टक्के स्थाने आठवली. सुगंधाविना झोपले असता सुमारे ८६ टक्के. पाठांतराच्या वेळी सुगंध दिलेला नसताना केवळ झोपेत दिला, तेव्हा लाभ झाला नाही. तात्पर्य, निद्रा नवे शिकवत नाही. शिकलेले दृढ करते.

खान्देशात याला ऋतूचीही जोड आहे. नीटसारख्या परीक्षांची तयारी एप्रिल-मेपर्यंत चालते. तेव्हा पारा ४३-४४ अंशांवर जातो. पूर्वी धाब्यावर मोकळ्या हवेत झोप लागे; आज सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो व निद्रा खंडित होते. ग्रीष्मात दिवास्वाप शास्त्रसंमत आहे. इतकेच नव्हे, अध्ययनाने थकलेल्यास तो सर्व ऋतूंत अनुज्ञात आहे. म्हणून दुपारी अर्धा तास झोपणाऱ्या विद्यार्थ्यास आळशी ठरवू नये. स्थूल व कफप्रधान व्यक्तींना मात्र तो वर्ज्य होय.

विद्यार्थ्यांस पुढील क्रम सांगावा. सायंकाळचे भोजन लवकर व लघु असावे. दिवसभरातील पाठाची उजळणी करून मोबाइल दूर ठेवावा. तळपायांस तेल अथवा तूप चोळून दहापर्यंत झोपावे. अग्नी उत्तम असल्यास रात्री म्हशीचे दूध द्यावे. ते निद्राजनक आहे. पहाटे उठून तोच पाठ पुन्हा म्हणावा, कारण स्मृतीच्या आठ कारणांत अभ्यास व पुनःश्रुत यांचा अंतर्भाव आहे. घोरणे, दीर्घकाळ अनिद्रा किंवा विषण्णता आढळल्यास तज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये.

यानंतरच मेध्य रसायनाची योजना करावी. रात्रभर जागणाऱ्या मुलाच्या हाती नुसती बाटली देणे ही चिकित्सा नव्हे.