फुटव्यांपासून ऑर्किडची घरगुती लागवड

कोकणातील जुन्या आंबा-फणसांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या ऑर्किडांना पुष्कळदा बांडगूळ समजले जाते. शास्त्रदृष्ट्या ही समजूत चुकीची होय. बांडगूळ यजमान वृक्षात शोषके खुपसून त्यातील रस घेते. आमर-कुलातील या वनस्पती मात्र झाडाचा केवळ आधार घेतात. त्यांच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे पांढरे आवरण असते व ते पावसाचे आणि दवाचे पाणी त्वरेने शोषून घेते. म्हणूनच मातीवाचूनही त्यांची घरी जोपासना करता येते.

ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असून त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात ते कवकाच्या साहाय्यानेच रुजते. १९२२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी शर्करायुक्त माध्यमावर कवकावाचून बी रुजवून दाखविले; परंतु या रीतीस निर्जंतुक उपकरणे लागतात. घरगुती लागवडीस फुटवा हाच सुलभ मार्ग होय.

डेंड्रोबियमची पाने गळलेली जुनी खोडे निरुपयोगी मानून छाटली जातात. वस्तुतः त्यांत अन्न व पाणी साठलेले असते आणि पुष्कळदा त्यांच्याच पेरांवर पिल्ले फुटतात. केळीच्या मुनव्याची मुळे जमिनीत दडलेली असतात. या पिल्लाची मुळे मात्र हवेत उघडी दिसतात. पिल्लू वेगळे करण्याची वेळ पानांवरून न ठरविता या मुळांवरून ठरवावी. तीन-चार मुळे सुमारे ४-५ सेंटिमीटर लांब झाल्यावाचून ते मातृवृक्षापासून तोडू नये. कारण तोपर्यंत त्याचे पोषण जुन्या खोडातूनच होत असते. सुरी ज्योतीवर तापवून व थंड करून वापरावी, अन्यथा एका रोपाचा विषाणू दुसऱ्यात शिरतो. काप कोरडा झाल्यावर पिल्लू कोळसा व विटांचे तुकडे भरलेल्या लहान, सच्छिद्र कुंडीत बसवावे.

वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते तेथे वसलेल्या अंजनवेलसारख्या गावी सौम्य हिवाळा व दमट हवा या लागवडीस अनुकूल आहेत. अडचणी दोन. जून ते सप्टेंबर अतिवृष्टी होते. तेव्हा ओल धरून ठेवणाऱ्या नारळाच्या सोडणात कोवळी मुळे कुजतात. म्हणून कुंड्या वळचणीच्या आत, वाऱ्यावर टांगाव्यात. पुढे उन्हाळ्यात खाडीलगतच्या विहिरीचे पाणी मचूळ होण्याचा संभव असतो आणि क्षारांनी मुळांची टोके करपतात. अशा ठिकाणी साठविलेले पावसाचे पाणी द्यावे. सोडण वापरावयाचे झाल्यास ते पाणी बदलीत काही दिवस भिजवून घ्यावे.

सीतेची वेणी यांसारख्या एकाच खोडाने उंच वाढणाऱ्या जाती क्वचितच फुटवे देतात. त्यांच्या हव्यासाने रानातील झाडे ओरबाडली जातात व पुष्कळदा घरी आणल्यावर मरतात. बीजातून नवी पिढी येण्यास अनेक वर्षे लागत असल्याने ही हानी सहजी भरून निघत नाही. फुटव्यापासून झालेले रोप मातृवृक्षाची हुबेहूब प्रतिकृती असते. घरच्या फुलासाठी तेवढे पुरेसे आहे. रानातील वैविध्य मात्र केवळ बीजानेच टिकते. यास्तव नव्या संवर्धकाने रानाऐवजी शेजाऱ्याच्या कुंडीतील फुटवा मागून आणावा, हेच उचित होय.