जून शेंगांचं सोनं

घेवड्याचा वेल घरातल्या माणसांच्या सवडीने चालत नाही. जुळे सोलापुरात बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या कंपाउंडला, टाकीच्या शिडीला, कुठे गच्चीच्या कठड्याला चढवलेले हे वेल पावसाळाभर नुसती पानं काढतात. मृगानंतर टोचलेल्या बीचा वेल गणपती आले तरी फुलत नाही, आणि नवखा माणूस तो उपटायला निघतो. देशी घेवडा दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही, हे जुन्या बायकांना ठाऊक असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास पांढरे-जांभळे तुरे दिसतात, मार्गशीर्षात शेंगांचे घोस लटकतात, आणि मग रोज पाटी घेऊन उभं राहिलं तरी चार शेंगा पानाआड राहतातच.

पौषात तर सोलापुरात कोणाला फुरसतच नसते. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, सात नंदीध्वजांची मिरवणूक, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, घरात पाहुणे. आठवडाभर वेलाकडे कुणी फिरकत नाही. मग एका सकाळी बघावं तर शेंगा फुगलेल्या, कडा पिवळट, आत दाण्यांचे उंचवटे स्पष्ट. ‘जून झाल्या’ म्हणून बऱ्याच घरांतून त्या थेट घंटागाडीत जातात. ही शुद्ध उधळपट्टी आहे. या शेंगा भाजीला निकामी झाल्या, एवढंच खरं. खायला निकामी झालेल्या नाहीत.

शेंग जून होते म्हणजे काय होतं, ते बोटांना डोळ्यांआधी कळतं. कोवळी शेंग वाकवली की कट्‌कन मोडते. थोडी निबर झालेली मोडते, पण दोन्ही तुकडे शिरेला लोंबत राहतात. पुरती जून शेंग मोडतच नाही, नुसती वाकते. आत दाणा भरू लागला की वेल आपला सगळा माल तिकडे वळवतो, आणि टरफलाच्या आतल्या अंगाला धाग्यांचा, कागदासारखा चिवट पापुद्रा तयार होतो. हे धागे शिजून मऊ होत नाहीत. कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, घास चघळून चोथाच उरतो. पाण्याचा ताण पडला की हा प्रकार आणखी लवकर होतो. जुळे सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि वेलाच्या वाट्याला बहुधा भांडी विसळलेलं पाणी येतं. त्यामुळे इथली शेंग पाटाच्या पाण्यावरच्या शेंगेपेक्षा आधी निबर होते.

म्हणून पहिलं काम निवडण्याचं. वर्तमानपत्र पसरून शेंगांचा ढीग ओततात आणि मोडून बघत तीन वाटे करतात. मोडणाऱ्या शेंगा दोन्ही बाजूंच्या शिरा ओढून भाजीला. वाकणाऱ्या पण अजून हिरव्या असलेल्या सोलायला. आणि पिवळ्या पडून चामड्यासारख्या झालेल्या खरं तर तोडायलाच नको होत्या. त्या वेलावर वाळू द्यायच्या. घाईत हे दुसरे-तिसरे वाटे एक होतात, आणि मग उसळीत निम्मे दाणे लोणी नि निम्मे खडे लागतात.

सोलणं हे संध्याकाळचं काम. शेंगेचं टोक मोडून शीर खाली खेचली की टरफल उघडतं आणि अंगठ्याने दाणे ताटात ढकलायचे. देशी घेवड्याच्या शेंगेला तेलकट चिकटपणा असतो आणि एक उग्र वास. तो हाताला असा बसतो की साबणानेही सहज जात नाही. काहींना हा वास अजिबात चालत नाही, आणि ज्यांना चालतो त्यांना त्याच्याशिवाय हिवाळा वाटत नाही. तुऱ्यांवर काळा मावा हमखास असतो, त्यामुळे सोलण्याआधी शेंगा दोन पाण्यांतून धुवाव्या लागतात. पाटीभर शेंगांतून वजनाने निम्म्याहून कमीच दाणे निघतात. टरफलं शेळी असलेल्याला द्यावीत, नाहीतर कुंडीतल्या खताला.

हे हिरवे, भरलेले दाणे म्हणजे या वेलाचं सर्वांत चांगलं फळ. कोवळ्या शेंगेची भाजी कोणीही करतं. ओल्या दाण्याची आमटी ज्याच्या दारात वेल आहे त्यालाच परवडते, कारण बाजारात सोललेल्या दाण्याचा भाव ऐकून पाटी परत ठेवावी लागते. सोलापुरी पद्धत साधी: तेलात लसूण आणि कांदा, काळा मसाला, दाणे, बेताचं पाणी, कुकरच्या दोन शिट्ट्या, आणि शेवटी शेंगदाण्याचा कूट. सोबत ज्वारीची भाकरी. भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीत तर वाल-घेवड्याचे दाणे, सोलाणे, गाजर, वांगं सगळं एकत्र येतं आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर जातं. यात्रेच्या गडबडीत जून झालेल्या शेंगांना त्याच दिवसात गिऱ्हाईक मिळतं, हा पंचांगाचा शहाणपणाच म्हणायचा.

त्याच्याही आधी वेळा अमावस्या येते. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या सीमेकडच्या गावांत या दिवशी घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. तिथली भज्जी म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, वाल अशा ओल्या दाण्यांची, बेसन लावलेली आंबट भाजी. जोडीला अंबील आणि उंडे. भज्जीत कोवळी शेंग कोणी शोधत नाही, दाणा भरलेला हवा असतो. त्या गावांतून शहरात आलेल्या घरांना म्हणूनच जून शेंगेचं ओझं वाटत नाही. जुळे सोलापुरात अशी घरं पुष्कळ, आणि भिंतीला भिंत लागून कन्नड बोलणारीही. कर्नाटकात हेच ओले दाणे भिजत घालून चिमटीत दाबतात. साल मागे राहते, आतला दाणा पुढे उडतो. त्या सोललेल्या दाण्याचं सांबार एकदा खाल्लं की सालीसकटची उसळ जरा रांगडी वाटते. अर्थात अर्धा किलो दाणे असे सोलायला दोन माणसं आणि भरपूर गप्पा लागतात.

तिसरा वाटा वाळलेल्या शेंगांचा. सोलापूरची कोरडी थंडी यासाठी उत्तम. शेंग वेलावरच खुळखुळू लागते. वाळलेला दाणा हा वेगळाच ऐवज आहे. कोवळ्या शेंगेत शंभर ग्रॅममागे तीन-चार ग्रॅम प्रथिनं असतात, सुक्या दाण्यात, म्हणजे वालात, वीसच्या वर. मात्र इथे जुना नियम पाळायचा. सुक्या वालात, विशेषतः गडद रंगाच्या दाण्यात, सायनाइड सोडणारे घटक असतात. रात्रभर भिजवणं, ते पाणी फेकणं, मोड आणून सालं काढणं आणि पुरतं शिजवणं हे वालाच्या बिरड्याचे सोपस्कार केवळ चवीचे नाहीत. राजमा किंवा श्रावणघेवड्याचे जून दाणे निघाले तर आणखी जपावं: ते भिजवून, पाणी बदलून, निदान दहा मिनिटं खळखळ उकळलेच पाहिजेत. मंद, कोमट आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याइतकाच, कधी त्याहून जास्त, बाधतो.

ही अडचण जगभरच्या परसबागांची आहे. इंग्लंडमध्ये घरोघरी लाल फुलांचा एक उंच घेवडा लावतात. तो मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला, थंड हवेचा. सोलापूरच्या उन्हात त्याची फुलं गळून जातील. इंग्रज तो कोवळा, चिरून उकडून खातात, आणि सुट्टीवरून परतल्यावर वीतभर लांब, दोरखंडासारख्या शेंगा पाहून हताश होतात. त्याच वेलाचे टपोरे सुके दाणे ग्रीसमध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी मुद्दाम पिकवतात आणि टोमॅटोच्या रश्शात भट्टीत भाजतात; ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात त्यांची भोपळ्याच्या बियांचं तेल घालून कोशिंबीर करतात. वेल एकच. एका देशाचा कचरा दुसऱ्याचं सणाचं जेवण. आपल्याकडे कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही दाण्यासाठीच.

एक गोष्ट मात्र जून शेंगांच्या बाजूने बोलताना विसरता येत नाही. वेलावर दाणे पिकू लागले की नवी फुलं कमी होतात. बी तयार झालं, वेलाचं काम संपलं. तेव्हा महिनाभर भाजी हवी असेल तर निबर शेंगासुद्धा तोडून घ्याव्यात, वेलावर ठेवू नयेत. हाव दोन्हीकडची धरली तर ना भाजी मिळते ना दाणा. ज्याच्याकडे दोन वेल आहेत त्याने एक भाजीला आणि एक दाण्याला राखावा, हे सर्वांत सोपं.

सुके दाणे ठेवताना भुंगेरा हा खरा शत्रू. त्याची अंडी शेंग वेलावर असतानाच पडलेली असतात, म्हणून डबा कितीही घट्ट असला तरी दोन महिन्यांत दाण्याला भोकं दिसतात. कडक उन्हं द्यावीत, बियाण्याला चुलीची राख चोळावी, किंवा खायचे दाणे चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरावेत. फेब्रुवारी सरताना वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरच्या गाठींत साठलेलं नत्र मातीला मिळतं, आणि नव्या प्लॉटवरच्या मुरमाला त्याची गरज असते.

आणि पुढच्या मृगासाठी बी हवं असेल तर वेलावरच्या निरोगी, भरदार शेंगा आत्ताच हेरून त्यांना रंगीत दोरा बांधा, नाहीतर भोगीच्या सकाळी कोणीतरी त्याही भाजीत घालेल.