पाटी कुणाची, दुकान कुणाचं?

ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला, एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. अमेरिकी कंपनी आली, असं सगळे म्हणाले. ते बरोब्बर निम्मं खरं होतं, कारण भारतातलं स्टारबक्स ही टाटा आणि स्टारबक्स यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. भारतात डॉमिनोजचा पिझ्झा विकते ती नोएडाची ज्युबिलंट फूडवर्क्स. पश्चिम आणि दक्षिण भारतातली मॅकडोनल्ड्सची दुकानं चालवते मुंबईची वेस्टलाइफ फूडवर्ल्ड. या दोन्ही कंपन्यांचे शेअर आपल्याकडच्या बाजारात कुणीही घेऊ शकतं. तिन्ही पाट्या अमेरिकी, पण एकाही दुकानाची मालकी पूर्णपणे अमेरिकेत नाही.

पाटी पाहून आपण धंद्याचा आकारही ठरवून टाकतो आणि मालकही. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

‘फ्रँचायझी घेणारा छोटा, देणारा मोठा’

तसं असतंही, पण नेहमी नाही. ज्युबिलंटची डॉमिनोजची दुकानं दोन हजारांच्या वर आहेत. ती कंपनी स्वतः फ्रँचायझी आहे, पण पुढे कुणाला पोट-फ्रँचायझी देत नाही. सगळी दुकानं तिचीच. त्यामुळे ‘तुमच्या तालुक्यात डॉमिनोज काढून देतो’ म्हणून इंटरनेटवर कुणी अनामत मागत असेल, तर तो गंडवतो आहे हे ओळखावं. अशा बनावट संकेतस्थळांना भुलून चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी पैसे घालवलेत.

दुसरा समज याहून महाग पडणारा. फ्रँचायझी म्हणजे मोठ्या कंपनीशी भागीदारी, असं लोक धरून चालतात. भागीदार नफ्यातही असतो आणि तोट्यातही. इथे तसं नाही. बहुतेक करारांत रॉयल्टी विक्रीवर मोजतात, नफ्यावर नाही. महिनाअखेर गल्ल्यात जे जमलं त्यातून ठरलेली टक्केवारी आधी जाते. मग भाडं, पगार, वीजबिल. उरलं तर तुमचं आणि खड्डा पडला तर तोही तुमचाच. माल कुठून घ्यायचा, भिंतीला रंग कुठला द्यायचा, दर किती ठेवायचा, हे बहुतेकदा वरूनच ठरतं. कराराची मुदत संपली की फर्निचर तुमच्याकडे राहतं आणि नाव निघून जातं. दुकानात भांडवल तुमचं म्हणून मालक तुम्ही; पण ज्या नावामुळे गिऱ्हाईक पायरी चढतं, त्याचे तुम्ही भाडेकरू.

अमेरिकेत मॅकडोनल्ड्स तर शब्दशः घरमालक आहे. तिथे बहुतेक ठिकाणी जागा कंपनीच्या मालकीची किंवा तिने भाडेपट्ट्याने घेतलेली असते. दुकान चालवणारा रॉयल्टीही देतो आणि जागेचं भाडंही. जगभरातली या कंपनीची साधारण ९५ टक्के दुकानं दुसऱ्यांनीच चालवलेली आहेत.

अमेरिकेत करारावर सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी सविस्तर माहितीपत्र हातात देणं कंपनीवर बंधनकारक आहे. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा, ट्रेडमार्कचा कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद, एवढ्यावर भिस्त. आणि तो कागद वाचायला वकिलाला चार पैसे देणं आपल्या जिवावर येतं. फ्रँचायझीची पद्धत सगळीकडे सारखीच, असंही नाही. अमूल आपल्या पार्लरवाल्याकडून रॉयल्टी घेत नाही. विकलेल्या मालावरचं मार्जिन त्याचं.

‘एवढी मोठी कंपनी, म्हणजे शेअर बाजारात असणारच’

अमूलचंच घ्या. तिची उलाढाल साठ हजार कोटींच्या पुढे आहे, पण अमूलचा शेअर बाजारात शोधून सापडणार नाही. ती गुजरातमधल्या सुमारे ३६ लाख दूध उत्पादकांची आहे. गावातली दूध संस्था, जिल्ह्याचा संघ आणि वर राज्याचा महासंघ, अशी तिची चढती रचना. गावच्या संस्थेत दहा म्हशीवाल्याला एक मत आणि एक म्हशीवालीलाही एकच.

नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ दिसलं की कंपनी लहान असेल असं वाटतं. टाटा सन्स ही प्रायव्हेट लिमिटेडच आहे, आणि तिचे सुमारे ६६ टक्के भाग धर्मादाय न्यासांकडे आहेत. ‘प्रायव्हेट’ या शब्दाचा संबंध भाग कुणाला विकता येतात आणि भागधारक किती असू शकतात (दोनशेपर्यंत) याच्याशी आहे. उलाढालीशी नाही.

लिज्जत पापडाबद्दलचा गैरसमज वेगळ्याच बाजूचा आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज तिथे सुमारे ४५ हजार भगिनी आहेत, आणि त्या कामगार नाहीत, मालक आहेत. पुरुष तिथे नोकरी करू शकतो, सभासद होऊ शकत नाही. सगळे लिज्जतला सहकारी संस्था म्हणतात. कामाची रीत सहकाराचीच, पण नोंदणी मात्र १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली झालेली.

मालक हजारो असले की लगामही हजारोंच्या हाती असतो, असा निष्कर्ष मात्र काढू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केल्याला सात दशकं उलटली. त्यानंतरच्या कितीतरी कारखान्यांत ऊसवाला सभासद कागदावर मालक आहे आणि निर्णय एका घराच्या ओसरीवर होतात. हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

‘माणसं थोडी, म्हणजे लघुउद्योग’

सरकार माणसं मोजतच नाही. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल, एवढंच बघतं. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर सूक्ष्म. २५ आणि १०० कोटींपर्यंत लघु. १२५ आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. दोन्हींपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी वरचा गट. शंभर बायकांचा शिवणकामाचा कारखाना सूक्ष्म ठरू शकतो आणि महागड्या यंत्रांवर सहा माणसांत चालणारा मध्यम. शिवाय हिशेब पॅननुसार होतो. म्हणून बड्या ब्रँडची पाटी लावलेलं एकट्या मालकाचं दुकान उद्यम नोंदणीत सूक्ष्म असू शकतं, आणि तीन वेगळ्या नावांनी तीन दुकानं काढली तरी पॅन एकच असेल तर तिन्हींची बेरीज होते.

‘यंत्र माझं, म्हणजे धंदा माझा’

इचलकरंजीत याचं उत्तर रोज मिळतं. तिथला खर्चीवाला यंत्रमागधारक स्वतःच्या मागांचा मालक असतो. शेड त्याची, मागावरचं कर्ज त्याचं, वीजबिलही त्याचंच. सूत मात्र व्यापाऱ्याचं, त्यामुळे विणून झालेलं कापडही व्यापाऱ्याचं. याला मिळते ‘पिका’वर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, ठरलेली मजुरी. कापडाचा भाव चढला तर ती वाढ त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. बाजार पडला तर माग मात्र त्याचे थांबतात. मजुरीच्या दरासाठी तिथे मागमालकांनाच आंदोलनं करावी लागली आहेत.

‘मोठ्याशी हातमिळवणी केली, आता चिंता नाही’

संयुक्त कंपनीतला हिस्सा जागचा हलत नाही असं नाही. १९८२ मध्ये सुझुकी मारुतीत आली ती २६ टक्क्यांवर, बहुसंख्य भाग सरकारचा. २००२ पर्यंत ताबा सुझुकीकडे गेला होता. हीरो होंडा १९८४ ची. दोघांचे २६-२६ टक्के. पुढे होंडाने भारतात स्वतःची वेगळी दुचाकी कंपनी काढली, म्हणजे भागीदारच स्पर्धक झाला, आणि डिसेंबर २०१० मध्ये दोघांनी काडीमोड जाहीर केला.

लहान पुरवठादाराला भागभांडवलाच्या या खेळापेक्षा बिल कधी निघेल याची काळजी जास्त. तिथे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा कामाला येतो, पण तो माहीत असणारे कमी. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात ९० दिवस लिहून घेतले तरी ४५ च धरतात. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. खरेदीदार केवढा मोठा आहे, याचा त्या कलमात उल्लेखही नाही.